माझ्या गच्चीवरनं जाणारा उजेड कुणाचा?

राजारामपुरीकाका: काल इथं एका शहाण्यानं लिहिलं, "दोन गच्च्यांवर यंत्रं बसवून लेसरनं नेट नेलंय. ना वायर, ना खांब, कायदाच लागत नाही. मधल्या घरमालकानं भाडं मागणं म्हणजे खंडणी." तो मधला मीच! दूरसंचार कायदा २०२३ उघड. व्याख्येत तार, रेडिओ आणि त्यांच्याच शेजारी 'ऑप्टिकल' आहे. परवा टाकीवर कबुतर बसलं तर याचं नेट गेलं आणि फोन मला, "काका, जरा हुसकवा की." आता पत्र्याची शेड घालतोय, तर म्हणे फूटभर खाली घ्या!

गच्चीवाला: व्याख्येत आलं म्हणून तुम्हाला भाडं मिळतं होय? आंतरराष्ट्रीय नियमात रेडिओ लहरी ३००० गिगाहर्ट्झपर्यंतच. उजेड त्याच्या कितीतरी वर, त्याला स्पेक्ट्रमचा लिलाव नाही. आणि हवा काय सातबाऱ्यावर चढवलीय?

काळाकोट: १९७७ चा इंग्लंडमधला बर्नस्टीन खटला बघा. विमानातनं घराचा फोटो काढला म्हणून मालक कोर्टात गेला आणि हरला. जागा नीट वापरायला लागेल तेवढीच उंची तुमची. पण शेडची उंची त्यात येतेच की, गच्चीवाले. आणि २० वर्षं किरण चालला तरी उजेडाचा हक्क लागणार नाही. १८८२ चा ईझमेंट, म्हणजे शेजारहक्कांचा कायदा इमारतीत येणाऱ्या उजेडाचा आहे, तुमच्या डब्यात येणाऱ्या नव्हे.

पेठकर: लेसर म्हटलं की माझं डोकं फिरतं. मिरवणुकीत भाच्याच्या डोळ्यात गेला. डॉक्टरांनी पडद्यावरचा डाग दाखवला. आधी ते बंद करा!

गच्चीवाला: तो हिरवा, हा १५५० नॅनोमीटरचा. दिसतही नाही, पडद्यापर्यंत पोचतही नाही.

पेठकर: दिसत नाही म्हणजे जास्तच भ्या की रं!

तालीमवाला: मिरवणुकीवर घसरायचं काम नाही. वर्षातनं एक दिवस पोरं नाचतात, तेवढंच दिसतंय.

पेठकर: एक दिवस? आगमन, विसर्जन, वाढदिवस, निवडणूक... मोज की. तुझा डोळा गेला असता म्हणजे कळलं असतं.

तालीमवाला: वर्गणी किती दिली होती रे?

पेठकर: पावती दाखवू? पाचशे एक! भाच्याच्या थेंबांना त्याच्या दसपट गेले.

काळाकोट: मंडळाचा धागा वेगळा काढा. इथं शेडचं चाललंय.

गच्चीवाला: घाला बाबा शेड. तुम्हीच जिंकला, हार घालायला येतो. तसंही धुकं पडलं की लिंक बसतीयाच. वायरच ओढतो.

राजारामपुरीकाका: ओढ. माझ्या भिंतीवरनं नको.