मदत हवी आहे: प्रार्थना सुचत नाही तेव्हा काय वाचता?

प्रभूच्या नावात सलाम. आम्ही सोलापूरचे. मिस्टर चादरीच्या कारखान्यात मागावर होते. दिवाळीपासून काम बंद, त्यात सासूबाईंचं डायलिसिस. रात्री बायबल उघडते, पण डोक्यात किराणावाल्याच्या उधारीचा हिशोब. मंडळीतले म्हणतात, "विश्वास ठेव, रडू नको." अहो, पण बायबलमधल्या स्तोत्र 13 मध्ये दावीद राजाच देवाला 'कोठवर?' असं 4 वेळा विचारतो, आणि सहाव्या वचनात गायला लागतो! मधे नेमकं काय घडतं?

दुःख सोसणाऱ्या ईयोबाच्या पुस्तकाचे 42 अध्याय आत्ता झेपणार नाहीत. डायलिसिसच्या वेळी सासूबाईंच्या कानाशी हळू वाचता येतील असे छोटे उतारे सांगाल का? स्तोत्र 23 आणि 91 त्यांना तोंडपाठ आहेत, ती सोडून.