प्रतिसाद: जाडी नव्हे, थरांची दिशा

कृत्रिम पावलाचं पातं कार्बन धाग्यांचे थर एकावर एक बसवून बनतं. त्याबद्दल "माणूस वजनदार असेल तर कार्बनचे थर वाढवायचे, झालं" असं वर म्हटलंय. गफलत तिथेच होते. पात्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. तीच रचना ठेवून जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट! मग टाच टेकताच हिसका थेट खुंटापर्यंत (उरलेल्या पायापर्यंत) जातो, आणि चालणाऱ्याचे हाल होतात.

खरं काम धाग्यांच्या दिशेत आहे. लांबीला समांतर धागे वाक झेलतात, ४५ अंशांतले पीळ. बोटांकडे थर एकेक करत कमी करायचे. संशोधक व्हॅन फिलिप्स यांच्या फ्लेक्स-फूट या कृत्रिम पावलाचं पातंही वाकताना साठलेली ताकद पाऊल उचलताना परत देतं.

पात्याच्या वळणावर मात्र नीट लक्ष ठेवा, थर तिथे सुटू शकतात. नाण्याने टकटक करून बघा: धड जागी खणखणीत आवाज येतो, सुटलेल्या जागी बद्द.