मदत हवी आहे : इंग्लंडमध्ये चाकूंचा संग्रह आणि आजोबांची कट्यार

नमस्कार मंडळी,

मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या मुक्काम लीड्स. छंद घडीच्या चाकूंचा. (हे ऐकल्यावर समोरचा माणूस अर्धं पाऊल मागे सरकतो, त्याची आता सवय झाली आहे.) चाकूंसाठी नावाजलेलं शेफील्ड इथून जवळ, त्यामुळे जुन्या बाजारात आणि छोट्या लिलावांत तिथला माल बऱ्यापैकी हाती लागतो. तिथल्या जुन्या कारखानदारांचे छाप, म्हणजे जोसेफ रॉजर्सचा तारा आणि माल्टीज क्रॉस, वोस्टनहोमचं 'आयएक्सएल', शिंगाच्या मुठी, पितळी अस्तर. पातं उघडताना आणि मिटताना येणारा तो 'टक्' आवाज ज्याला कळला त्याला पुढचं समजावून सांगावं लागत नाही. हस्तिदंती मूठ मात्र मी घेत नाही, २०१८ च्या हस्तिदंत कायद्यानंतर त्या खरेदी-विक्रीची कटकट नको वाटते.

खिशात काय चालतं ते मला माहीत आहे. १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस अॅक्टचं १३९ कलम: घडीचा चाकू, धारेची लांबी ३ इंचांपर्यंत, आणि पातं उघडल्यावर अडकून बसणारं नको. अडकणारं पातं म्हणजे घडीचा चाकू नव्हेच, हे १९९३ च्या हॅरिस खटल्यापासून पक्कं आहे. म्हणून ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा ५ नंबरचा चाकू खिशात चालतो, पण ८ नंबरला मुठीशी फिरणारी कडी आहे आणि पातंही साडेआठ सेंटिमीटर, तो घरीच. फ्रान्समध्ये शेतकरी त्याच ८ नंबरने चीज कापतो, असो.

अडचण दोन ठिकाणी आहे.

पहिली: ओळखीच्या एका वयस्कर संग्राहकांकडे आम्ही काही जण अधूनमधून जमतो, एकमेकांचे चाकू बघतो, अदलाबदल करतो. तिथे पाच-सहा नग न्यायचे, त्यातले दोन-तीन अडकणाऱ्या पात्याचे. कुलूपबंद पेटीत घालून ट्रेनने नेले तर ते असे चाकू बाहेर नेण्यासाठी कायद्याला लागणारं 'योग्य कारण' ठरतं का?

दुसरी, आणि मला खरी छळणारी: कोल्हापूरच्या घरी आजोबांची कट्यार आहे. आडव्या दोन दांड्यांची मूठ, पातं साधारण ७ इंच, म्यान गेलेलं. बाबा म्हणतात, तुला आवड आहे तर तू घेऊन जा. इथल्या बंदी घातलेल्या शस्त्रांच्या यादीत 'पुश डॅगर' आहे: मूठ वळलेल्या हातात मावणारी आणि पातं दोन बोटांच्या मधून बाहेर येणारं. कट्यारीचं पातं बोटांच्या मधून येत नाही, मुठीच्या पुढे येतं. मग ती यादीत बसते की नाही? कुणी प्रत्यक्ष आणली आहे का?

– घडीचा_चाकू

बर्मिंगहॅमवाली : पेटीला कुलूप आहे म्हणून कायदा सोडत नाही. कारण योग्य होतं हे ज्याच्याकडे चाकू सापडला त्यालाच दाखवून द्यावं लागतं. प्रदर्शनासाठी संग्रहालयात नेणं, कामावर नेणं, धार्मिक कारण, अशी उदाहरणं सरकारच देतं. तुमची बैठक त्यात थेट येत नाही, पण कारण म्हणून ती नक्की मांडता येईल. यजमानांचा त्या दिवसाचा निमंत्रणाचा मेसेज, नगांची यादी जवळ ठेवा. घरून थेट तिकडे, तिकडून थेट घरी. वाटेत पबमध्ये बसलात, किंवा पेटी गाडीच्या डिकीत आठवडाभर राहिली, की कारण संपलं. 'काढायला विसरलो' हे उत्तर कोर्टात उभं राहत नाही.

सहाण : कट्यारीबद्दल. तुम्ही बोटांच्या मधून की पुढे यावर विमानतळावर वाद घालणार का? मुठीत धरून खुपसायचं पातं आहे, एवढंच समोरच्याला दिसणार. यादीतल्या शस्त्रांची आयातही बंद, आणि २०२१ च्या जुलैपासून घरात नुसतं बाळगणंही गुन्हा. सुटकेची वाट एक: वस्तू १०० वर्षांहून जुनी हवी. मग ती पुराणवस्तू, आणि ती यादी तिला लागू नाही.

करवीरकर : सहाण, तुम्ही इंग्लंडकडून उत्तर दिलंत, मी इकडून देतो. आपल्या १९७२ च्या पुरावशेष कायद्याने १०० वर्षांहून जुनी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे जुनी असेल तर भारत सोडणार नाही, नवी असेल तर इंग्लंड घेणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर. वय कमी असल्याचा दाखला पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळू शकतो, पण तोच कागद तिकडे तुमच्या विरोधात जाईल! दादा, कट्यार आहे तिथे राहू दे. आणि ओघाने आठवलं म्हणून: गडाखालच्या दुकानातून वाघनखांची प्रतिकृती कुणाला भेट म्हणून नेणार असाल तर तीही नको. हातात अडकवायचा टोकदार पंजा तिकडच्या यादीत आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं २०२४ मध्ये साताऱ्यात आली ती संग्रहालयातून संग्रहालयात, तुमच्याआमच्या बॅगेतून नव्हे.

बर्मिंगहॅमवाली : आणि रामपुरी. कुणीतरी हौसेने देतंच. बटण दाबून उघडणाऱ्या पात्याच्या विक्रीवर १९५९ पासून बंदी आहे, आता कपाटात ठेवणंही चालत नाही.

घडीचा_चाकू : सगळ्यांचे आभार. करवीरकर, तुम्ही म्हणता ते दोन टोकांचं कोडं माझ्या लक्षात आलं नव्हतं, मी फक्त इकडचाच कायदा वाचत बसलो होतो. बैठकीला फक्त न अडकणारे नेतो, बाकीच्यांचे फोटो. कट्यार बाबांकडेच राहील. पण तिचं वय कळावं असं फार वाटतं. मुठीच्या आतल्या बाजूला काहीतरी कोरलेलं आहे, बाबांना वाचता येत नाही.

करवीरकर : लिंबू, चिंच, ब्रासो काहीही लावू देऊ नका, गंजासकट राहू दे. बाबांना म्हणावं, उन्हात नको, खिडकीपाशी तिरप्या उजेडात फोटो काढा आणि शेजारी फूटपट्टी ठेवा. इथे टाका, बघू काय वाचता येतंय.