अनुभव धागा : दारू पिऊन गाडी चालवणं ब्रिटनमध्ये लाजिरवाणं कसं ठरलं?

१९६०च्या सुमारास ब्रिटनमध्ये निघालेल्या पाहुण्याला आणखी एक पेग देणं हा पाहुणचाराचा भाग होता. तो गाडी घेऊन आलाय, याचं कुणाला काही वाटत नसे. शतक संपेपर्यंत त्याच समाजात अशा माणसाच्या हातून किल्ली काढून घेणं योग्य मानलं जाऊ लागलं. हे मत कसं पालटलं? कोर्ट, पोलिस तपासणी, प्रयोगशाळा, पब, रस्ता-सुरक्षा यांतलं नीट माहीत असलेल्यांनी लिहावं. किस्से नकोत. पद्धत, आकडे आणि कुठे काय फसलं ते हवं.

प्रतिसाद : कोर्टाची बाजू

१९६७ आधी चालक दारूमुळे ‘गाडी चालवण्यास अपात्र’ होता हे सिद्ध करावं लागे. ठाण्यात डॉक्टर त्याला सरळ रेषेवर चालवून बघत आणि मत देत. ज्यूरीतले बरेच जण स्वतः पिऊन गाडी चालवणारे, त्यामुळे ‘आज हा, उद्या मी’ असा विचार व्हायचा आणि आरोपी सुटायचा. १९६७च्या रस्ता सुरक्षा कायद्याने, वाहतूकमंत्री बार्बरा कॅसल यांच्या कारकिर्दीत, मताच्या जागी आकडा आणला : १०० मिली रक्तात ८० मिलीग्रॅम अल्कोहोल. त्यापुढे गेलात तर किमान १२ महिने परवाना रद्द. दंड भरून सुटका नाही. माझ्या मते खरा बदल इथे आहे. मध्यमवर्गीय माणसाला दंडाचं काही वाटत नव्हतं. गाडीविना वर्ष काढायचं, नोकरी सांभाळायची आणि शेजाऱ्यांना कारण सांगायचं, हे मात्र जड जाई.

अपवाद म्हणून ‘विशेष कारण’ मांडता येई. उदाहरणार्थ, कुणीतरी पेयात नकळत दारू मिसळली. पण ते सिद्ध करणं आरोपीच्या माथी.

प्रतिसाद : रस्त्यावरची तपासणी

पहिलं साधन म्हणजे काचेची नळी आणि पुढे प्लास्टिकची पिशवी. नळीत पोटॅशियम डायक्रोमेट आणि गंधकाम्ल लावलेले पिवळे स्फटिक. अल्कोहोल लागलं की ते हिरवे होत. हिरवा रंग रेषेपलीकडे गेला की चालकाला ठाण्यावर न्यायचं, तिथे दुसरी फुंक, मग रक्त किंवा लघवी. रक्ताच्या नमुन्याचा एक भाग आरोपीला देऊ करायचा, म्हणजे तो स्वतः तपासून घेऊ शकतो.

यात सर्वांत मोठी चूक म्हणजे घाई. शेवटच्या घोटानंतर सुमारे २० मिनिटं तोंडात अल्कोहोल रेंगाळतं आणि निकाल फुगतो.

दुसरी अडचण कायद्याची. अटक नियमाप्रमाणे नसेल तर पुढचा रक्ताचा अहवालही बाद. पोलिस ‘गणवेशात’ असावा अशी अट होती. शिरस्त्राण नसलेला पोलिस गणवेशात धरायचा का, हा वाद १९७० मध्ये थेट वरच्या कोर्टात गेला. (धरायचा, असा निकाल लागला.) काही जण अपघातानंतर ‘धक्का बसला म्हणून’ ब्रँडी प्यायचे, म्हणजे आधीची किती आणि नंतरची किती याचा घोळ होई.

प्रतिसाद : पबमधलं माप

‘दोनच घेतल्या’ याला काही अर्थ नसतो. इंग्लंडात व्हिस्कीचं नेहमीचं माप १/६ गिल (गिल हे जुनं ब्रिटिश माप), म्हणजे साधारण २४ मिली. स्कॉटलंडमध्ये बऱ्याच ठिकाणी १/५, म्हणजे २८ मिलीच्या आसपास. १९९५ पासून २५ किंवा ३५ मिली. घरी तर अंदाजे ओततात, म्हणून घरचे दोन हे पबमधले चार असू शकतात.

हिशोब असा करा : १ युनिट = ८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, म्हणजे साध्या बिअरचा अर्धा पिंट (२८४ मिली). ७० किलोच्या पुरुषाने रिकाम्या पोटी भराभर प्यायल्यास साधारण ३८ ग्रॅमला, म्हणजे पावणेपाच युनिटला, तो ८०ला टेकतो. ५५ किलोची बाई सुमारे ३ युनिटलाच. शरीर तासाला साधारण एकच युनिट निपटतं, कॉफीने किंवा थंड पाण्याच्या अंघोळीने वेग वाढत नाही. मध्यरात्री १० युनिट अंगात असतील तर सकाळी सातला कामावर निघालेल्या माणसाचीही दारू पूर्ण उतरलेली नसते.

प्रतिसाद : १९८३ नंतरचं यंत्र

नळीतल्या रंगावर वाद होत, त्यामुळे १९८१चा कायदा आला आणि १९८३ पासून ठाण्यातलं अवरक्त किरणांचं यंत्रच पुरावा ठरलं. मर्यादा १०० मिली श्वासात ३५ मायक्रोग्रॅम. क्रम : यंत्रातली हवा साफ, प्रमाण-वाफेची चाचणी (ठरावीक अल्कोहोलच्या वाफेने यंत्रच तपासायचं, आकडा ३२ ते ३७ मध्ये यायला हवा), दोन फुंका, पुन्हा प्रमाण-चाचणी. दोनपैकी कमी आकडा धरायचा. फुंकायला नकार हाही गुन्हाच, शिक्षा तशीच. पळवाटा बऱ्याच बुजल्या आणि ‘वकील गाठला की सुटतो’ हा समज ढिला पडला.

प्रतिसाद : प्रचार आणि मृत्यूंचे आकडे

१९६७ नंतरच्या पहिल्या वर्षी रस्त्यावरचे मृत्यू हजाराहून अधिकने घटले. मग लोकांच्या लक्षात आलं की पकडलं जाण्याची शक्यता फार नाही, आणि धाक ओसरला. अंदाजे आकडे बघा : दारूशी संबंधित अपघातांत १९७९ मध्ये १,६४० मृत्यू, १९९० मध्ये ७६०, २००० मध्ये ५३०.

मधल्या काळात प्रचाराचा रोख बदलला. आधीच्या जाहिराती चालकाला ‘परवाना जाईल’ म्हणून घाबरवत. १९८०च्या उत्तरार्धात मेलेल्या मुलाचे आईवडील, जखमींवर उपचार करणारे लोक पडद्यावर आले. त्याआधी, १९८५ मध्ये, मृतांच्या नातेवाइकांनी स्वतःची संघटना उभारली होती. ‘दुर्दैवी अपघात’ हा शब्द त्यांना मान्य नव्हता आणि ते बरोबरच होतं. १९९१च्या कायद्याने दारूच्या अमलाखाली निष्काळजीपणे गाडी चालवून मृत्यू घडवणं हा वेगळा गुन्हा केला. कमाल शिक्षा आधी ५ वर्षं, १९९३ मध्ये १०.

प्रतिसाद : एक हरकत

वरच्या हिशोबातला एक धोका सांगायला हवा. ८० हा आकडा काही प्रमाणात परवानगी बनला, लोक ‘मर्यादेपर्यंत चालतं’ म्हणून पिंट मोजू लागले. गाडीवरचा ताबा त्याच्या बऱ्याच आधी सुटायला लागतो. स्कॉटलंडने २०१४च्या डिसेंबरमध्ये मर्यादा ५० वर आणली. इंग्लंडात मात्र अजून १९६७चाच आकडा चालू आहे.