ती भूमिका आधी दुसऱ्याचीच होती (अनुभव धागा)

परवा रात्री 'सारांश' पुन्हा पाहिला. शिवाजी पार्कात राहणारे ते प्रधान मास्तर, परदेशात मारल्या गेलेल्या मुलाच्या अस्थींसाठी कस्टमच्या ऑफिसात खेटे घालणारे. या खेपेला मात्र डोक्यात एक किडा होता. सिनेमा 1984 चा. अनुपम खेर तेव्हा 28 वर्षांचा. म्हाताऱ्याची तयारी करून बसलेला, आणि शूटिंग तोंडावर आलं असताना त्याच्या कानावर आलं की ही भूमिका संजीवकुमार करणार. गड्यानं बॅग भरली, मुंबई सोडायला निघाला आणि जाता जाता महेश भट्टच्या घरी जाऊन त्याला शिव्याशाप देऊन आला. तो राग बघून भट्टनं निर्णय फिरवला. खेरनंच हे बऱ्याचदा सांगितलंय.

तर तो कस्टमचा प्रसंग आला आणि मला तिथं संजीवकुमार दिसायला लागला. पंचाईत अशी की तोही वाईट दिसेना. शेवटी टीव्ही बंद करून झोपले.

तुमचं असं कधी झालंय? सिनेमातलं चालेल, गॅदरिंगमधलंही चालेल. फक्त 'शोले' नको, ते सगळ्यांना पाठ आहे.
– चकली

*

'शोले'चंच लिहिणार, रागवू नका. गब्बर डॅनीकडे होता, पण 'धर्मात्मा'च्या शूटिंगला त्याला अफगाणिस्तानात जायचं होतं. तारखा जुळल्या नाहीत आणि अमजद खान आला, इथपर्यंत पाठ आहे, मान्य. पण अमजदचा आवाज गब्बरसाठी कमी पडतोय अशी शंका निघाली होती, आणि त्याला बदलायचं का अशीही चर्चा झाली होती.

आमच्या गल्लीत गणपतीची आरती उरकली की मंडळाचे खजिनदार 'शोले'ची कॅसेट लावायचे. गाण्यांची नाही, संवादांची! मी सिनेमा पाहिला आठवीत. त्याआधी तीन वर्षं गब्बर मला नुसता आवाज म्हणून माहीत होता. कर्ण्यातून यायचा आणि आम्ही पोरं प्रसादाचे शेंगदाणे खात गप्प बसायचो. मोठेपणी हा किस्सा कळला तेव्हा हसूच आलं. आवाज कमी पडतोय म्हणे!
– सोलापुरी चादर

*

माझं सिनेमाचं नाही, कॉलेजच्या एकांकिकेचं. मुख्य भूमिका माझी. दीड महिना तालमी झाल्या आणि स्पर्धेच्या आठ दिवस आधी मला कांजिण्या. प्रॉम्प्टिंग करणाऱ्या मित्राला सगळ्यांचीच वाक्यं तोंडपाठ, त्याला उभा केला.

अंगावर खपल्या घेऊन मी शेवटच्या रांगेत, लोकांपासून लांब बसलो होतो. शेवटच्या प्रवेशात बापाला उत्तर द्यायच्या आधी मी एक मोठा पॉज घ्यायचो. त्या पॉजवर मी फार खूश होतो. त्यानं पॉज घेतलाच नाही. बापाचं वाक्य संपायच्या आत अंगावर गेला, आणि तिथंच टाळी पडली. मी पण वाजवली. जरा उशिरा.

अभिनयाचं बक्षीस त्याला मिळालं. आता तो बँकेत आहे, मी विम्यात. त्या पॉजबद्दल मात्र आम्ही आजवर बोललेलो नाही.
– बॅकबेंचर

*

'गांधी'च्या स्क्रीन टेस्टसाठी नसीरुद्दीन शाह, स्मिता पाटील, भक्ती बर्वे आणि रोहिणी हट्टंगडी लंडनला गेले होते. गांधी बेन किंग्जलीला गेला, कस्तुरबा रोहिणीला, आणि तिनं त्यावर बाफ्टाही आणलं. मी भक्तीची 'ती फुलराणी' शिवाजी मंदिरला दोनदा पाहिलेली. मागच्या हिवाळ्यात नातवाला 'गांधी' दाखवत होते. आफ्रिकेतल्या आश्रमात कस्तुरबा संडास साफ करायला नकार देते, तिथं मला एकदम भक्तीचा ठसका ऐकू आला आणि मी हसले. नातू म्हणतो, आजी, धिस इज नॉट फनी. आता त्याला काय सांगू!
– न्यू जर्सीची काकू

*

काकू, स्मिता राहिली की! ती असती तर तिथं हसायची टाप नव्हती कुणाची.
– पावशेर

*

1936 च्या 'संत तुकाराम'चं सांगतो. विष्णुपंत पागनीस रंगभूमीवर बायकांची कामं करायचे, त्यामुळे तुकारामासाठी दामले-फत्तेलाल सुरुवातीला त्यांच्यावर राजी नव्हते. तोच सिनेमा पुढे मुंबईत एका थिएटरात वर्षभराहून जास्त चालला आणि 1937 साली व्हेनिसलाही गाजला.

माझ्या आजीनं तो तंबूत पाहिला होता, साताऱ्याकडच्या एका जत्रेत. बाया पडद्यापुढे नारळ ठेवायच्या म्हणे, आणि तंबूवाला दुसऱ्या दिवशी तेच नारळ विकायचा. तिच्या लेखी तुकोबा म्हणजे पागनीसच. देव्हाऱ्यातल्या तसबिरीकडे बघून ती म्हणायची, 'हे काही तसे दिसत नाहीत.' म्हणून मी मुद्दाम तिला हा किस्सा सांगितला. वाटलं, दचकेल. ती गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, 'मग? विठोबाला आपण माउलीच म्हणतो की.'
– इंद्रायणी

*

मग आमच्या फाळक्यांचंही घ्या. 'राजा हरिश्चंद्र'मधल्या तारामतीसाठी कुणी बाई तयार होईना, तमासगिरांपासून वेश्यांपर्यंत विचारून झालं. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात दहा रुपये पगारावर काम करणारे अण्णा साळुंके पंधरा रुपयांवर आले आणि 1913 साली तारामती झाले. 'लंका दहन'मध्ये तर राम आणि सीता दोन्ही तेच!
– नाशिकचा चिवडा

*

मी ड्रेसवाला. मालिका, कधीमधी सिनेमा. 'मला विचारलं होतं' असं अर्धी इंडस्ट्री सांगते. ते सगळं खरं धरू नका. फोन झाला म्हणजे भूमिका मिळाली असं नसतं. माप घेतलं असेल तर मी मानतो.

एका ऐतिहासिक मालिकेत सरदाराच्या कामासाठी एकाचं माप घेतलं, चार अंगरखे शिवले, लूक टेस्टचे फोटो निघाले. सोमवारी शूटिंग आणि शनिवारी रात्री फोन, माणूस बदललाय. नवा आला तो छातीला तीन इंच जास्त. नवीन शिवायला ना वेळ ना जरीचं कापड. नशीब, आमच्या मास्तरांची सवय, शिवणीत माया भरपूर सोडायची. रविवारी रात्रभर बसून चारही अंगरखे उसवले आणि मायेत शिवून दिले. बगलेत जुन्या शिवणीची भोकं दिसत होती, तिथं शेला टाकला. तो शेला पुढे त्याची स्टाईल म्हणून गाजला, लग्नात नवरदेव तसाच मागायचे.

आत कॉलरला पहिल्याचं नाव मार्करनं लिहिलेलं होतं. ते काही निघालं नाही. मालिका संपेपर्यंत तसंच होतं.
– उसवण