मत देणारच, हे इंग्रजीत ठामपणे कसं सांगायचं? (इंग्लंड)

नाशिकची_लेक:
नमस्कार मंडळी. लग्नानंतर रेडिंगला आले. कॉमनवेल्थ देशाच्या नागरिकांना इथे मत देता येतं हे कळल्यावर लगेच नाव नोंदवलं. आता स्थानिक निवडणूक आहे, पक्षांचे कार्यकर्ते दारावर येतात आणि विचारतात, “कॅन वी काउंट ऑन युवर सपोर्ट?” मला सांगायचंय की मी मत देणारच, पण कोणाला ते सांगणार नाही. “आय विल शुअरली व्होट” म्हटलं की समोरचा जरा गोंधळतो. रोजच्या बोलण्यातलं काय म्हणू?

लेस्टरकर:
ताई, ‘शुअरली’ आधी सोडा. आपण ते ‘नक्की’ म्हणून वापरतो, पण इथे “शुअरली यू आर व्होटिंग?” म्हणजे “अहो, मत देणार ना तुम्ही?” ‘डेफिनेटली’ म्हणा. त्याहून सहज म्हणजे “आय'म व्होटिंग ऑन थर्सडे”. वार सांगितला की बेत पक्का आहे हे आपोआप कळतं. इथल्या निवडणुका बहुतेक गुरुवारीच असतात, ४ जुलै २०२४ची सार्वत्रिकसुद्धा गुरुवारीच होती.

मीरा_क्रॉयडन:
‘प्रिटी शुअर’ही टाळा. ऐकायला जोरदार वाटतं, पण नुसत्या ‘शुअर’पेक्षा ते कच्चं आहे. “आय शुड बी व्होटिंग” म्हणजे बहुधा देईन, आणि “आय माइट” म्हणजे बघू. कुणा सर्वेक्षणवाल्याचा फोन आला आणि मत देण्याची खात्री एक ते दहात किती असं विचारलं, तर “टेन. आय ऑलवेज व्होट” एवढं पुरे.

लेस्टरकर:
मीराताईंचं बरोबर. पण मुख्य गोष्ट राहिलीच! कार्यकर्ता तुम्ही मत देणार का हे विचारतच नाहीये, ‘आम्हालाच’ देणार का हे विचारतोय. त्यावर नुसतं “येस, डेफिनेटली” म्हणालात तर त्याच्या यादीत तुम्ही त्यांच्या समर्थक म्हणून नोंदल्या जाल. म्हणून पूर्ण बोला: “आय'म डेफिनेटली व्होटिंग, बट आय'ड रादर नॉट से हू फॉर.” शेवटी हसून “थँक्स” म्हणा. कुणी वाईट वाटून घेत नाही, खूण करून पुढच्या घरी जातात. मत गुप्त ठेवणं हा तुमचा हक्क आहे, तो सांगताना अजिबात अवघडू नका.

नाशिकची_लेक:
हे फारच कामाचं सांगितलंत, मनापासून आभार! आज संध्याकाळी कोणी आलं तर हेच म्हणेन. आणखी एक, केंद्रावर ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालेल ना?

मीरा_क्रॉयडन:
चालतो, कॉमनवेल्थ देशाचा कुठलाही चालतो. मुदत संपली असली तरी फोटोवरून तुम्ही ओळखू आलात की झालं. केंद्र सकाळी ७ ते रात्री १० उघडं असतं, कामावरून आल्यावरही जाता येईल.