'इन्क्लुजन'साठी समावेशन की सामावून घेणे?

भाषांतरकार :
एका महाविद्यालयाचे धोरणपत्रक मराठीत आणण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. आवारातील विविधता आणि 'इन्क्लुजन' वाढावे यासाठी संस्थेने स्वतःमधील बदल 'एम्ब्रेस' करावा, असा मूळ शीर्षकाचा आशय आहे. पहिल्या खर्ड्यात मी 'संस्थात्मक बदलाचा स्वीकार आणि समावेशन' असे शब्द योजले होते. तपासनिसांनी 'समावेशन' खोडून 'सर्वांना सामावून घेणे' असे केले आणि समासात शेरा लिहिला, की समावेशन हा हिंदीतून आलेला कार्यालयीन शब्द आहे, मराठी माणूस सामावून घेतो. शेरा वाचताना पटतो, तरी त्यात काहीतरी खटकते आणि नेमके काय ते मला सांगता येत नाही. 'एम्ब्रेस'साठी 'स्वीकार' पुरेसा आहे का, हाही प्रश्न आहेच.

निवृत्त ग्रंथपाल :
तपासनिसांचे बरोबर आहे. ज्या क्रियेसाठी आपल्याकडे जिवंत क्रियापद आहे तिथे '-अन' लावलेले नाम कशाला आणायचे? 'समावेशन करण्यात येईल' हे वाक्य कोणीही घरात बोलत नाही. शिवाय 'समावेश' आणि 'सामावणे' यांचे मूळ एकच असावे, म्हणजे अर्थहानीही होत नाही.

व्याकरणाभ्यासक :
मूळ एक नाही. 'सामावणे'च्या मुळाशी 'मा' म्हणजे मोजणे हा धातू आहे आणि 'मावणे' हे क्रियापदही त्याच कुळातले आहे. जे मावते ते भांड्याच्या मापात बसते. 'समावेश' मात्र 'विश्' म्हणजे आत शिरणे या धातूपासून झाला आहे, आणि 'प्रवेश' हा त्याचा सख्खा भाऊ. महाविद्यालयाच्या संदर्भात हे नाते मला फार मोलाचे वाटते, कारण प्रवेशाची यादी लागली की 'प्रवेश' संपतो आणि 'समावेश' तिथून पुढे सुरू व्हायचा असतो.

पाणिनीय परंपरेत एकाच शब्दरूपाला दोन संज्ञा एकाच वेळी लागू होतात आणि त्यांपैकी कोणतीही दुसरीला हटवत नाही, तेव्हा त्या संज्ञांचा 'समावेश' झाला असे म्हणतात. अष्टाध्यायीतील १.४.१ या सूत्रापासून एका मर्यादेपर्यंत 'एकाला एकच संज्ञा' असा नियम मुद्दाम घालावा लागतो, म्हणजे नियम नसेल तिथे समावेश गृहीतच असतो. दोघांनी आपापली ओळख न सोडता एका जागी नांदणे, हा अर्थ इतका जुना असताना शब्द हिंदीतून आला असे कसे म्हणायचे? हिंदीच्या वळणाचे विशेषण 'समावेशी' आहे, आपले 'समावेशक'. 'एम्ब्रेस'साठी मी 'अंगीकार' सुचवेन. जे आपले अंग नव्हते ते अंग करून घेणे, हा अर्थ 'स्वीकारा'पेक्षा खोल जातो.

निवृत्त ग्रंथपाल :
व्युत्पत्तीबद्दल माझी चूक झाली, ती मान्य आहे. परंतु भाषा व्युत्पत्तीवर चालत नाही. वर्गात भरलेल्या बाकावर उशिरा आलेल्याला सामावून घेतात तेव्हा बाक तेवढाच राहतो हे खरे, पण आधी बसलेले चौघे सरकतात, वह्या आवरतात, कोपर आत घेतात. बदल त्यांच्यातच होतो. ही प्रतिमा 'समावेशन' या शब्दातून कोणाच्याही डोळ्यांपुढे उभी राहणार नाही.

अपंगहक्क अभ्यासक :
बाकाचे उदाहरण सुंदर आहे, पण वाद नेमका तिथेच आहे. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार २००६ साली संमत झाला आणि त्यातील २४वे कलम शिक्षणाविषयी आहे. त्या कलमावर संबंधित समितीने २०१६ साली जे विवेचन केले, त्यात वगळणे, वेगळे ठेवणे, 'इंटिग्रेशन' आणि 'इन्क्लुजन' अशा चार अवस्था काटेकोरपणे वेगळ्या केल्या आहेत. संस्था आहे तशीच ठेवून, विद्यार्थी तिच्या साच्याशी जुळवून घेईल या अपेक्षेने त्याला आत घेणे म्हणजे 'इंटिग्रेशन'; अभ्यासक्रम, शिकवण्याची पद्धत आणि रचना यांतच फेरबदल करणे म्हणजे 'इन्क्लुजन'. माझ्या कानाला 'सामावून घेणे' तिसऱ्या अवस्थेचे वाटते, कारण त्यात घेणारा मोठा आणि येणारा लहान आहे. बाकावरचे सरकले तरी बाक कोणाच्या मापाने बनवला, हे कोणी विचारत नाही.

'विविधता' या शब्दाचेही तसेच आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९७८ साली 'बाकी' (Bakke) नावाच्या खटल्यात न्यायमूर्ती पॉवेल यांनी विद्यार्थिवर्गाची विविधता हे विद्यापीठाचे रास्त उद्दिष्ट मानले, आणि तेव्हापासून प्रवेशाच्या चर्चेत या शब्दाला कायदेशीर वजन आले. २०२३ साली त्याच न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांची वंश विचारात घेणारी प्रवेशपद्धत रद्द ठरवली. ज्या शब्दांवर कोणाचे प्रवेश ठरतात, ते मराठीत आणताना केवळ कानाला गोड लागतात म्हणून निवडू नयेत.

परीक्षा विभागातील कर्मचारी :
माझा अनुभव वेगळ्या शब्दाचा आहे. आमच्या अर्जावर 'खालीलपैकी हवी ती सवलत निवडावी' अशी ओळ होती. दृष्टी अधू असलेल्या एका विद्यार्थिनीने 'मोठ्या अक्षरांतील प्रश्नपत्रिका' यापुढे खूण केली, पण 'सवलत' या शब्दावर पेनाने आडवी रेघ मारून वर बारीक अक्षरात 'सोय' लिहिले. अर्ज खाडाखोड असलेला म्हणून परत पाठवायचा होता. मी तो हातात धरून बराच वेळ बसलो. परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षकांनी भर वर्गात 'सवलतीची प्रश्नपत्रिका कोणाची?' असे विचारले आणि ती उठून उभी राहिली. पुढच्या सत्रापासून आम्ही सर्वांचीच प्रश्नपत्रिका मोठ्या अक्षरांत छापू लागलो. तेव्हा अर्जावरची ती नोंद आपोआप निघून गेली.

व्याकरणाभ्यासक :
'सवलत' शब्दावर थोडा अन्याय होतो आहे. तो अरबी 'सुहूलत'वरून आला आणि त्याचा मूळ अर्थ सुलभता असा आहे.

परीक्षा विभागातील कर्मचारी :
असेल. त्या वर्गात तो अर्थ कोणालाही ऐकू आला नाही.

अपंगहक्क अभ्यासक :
उपरोक्त कराराच्या दुसऱ्या कलमात व्यक्तीच्या गरजेनुसार केलेल्या अशा बदलांची, म्हणजे 'अकोमोडेशन'ची, व्याख्या आहे, आणि ते नाकारणे हा भेदभाव ठरतो असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. जे नाकारल्याने भेदभाव होतो त्याला आजच्या मराठीत सवलत म्हणता येणार नाही.

भाषांतरकार :
'अंगीकार' मी घेतला आहे. 'समावेशन'बद्दल तपासनिसांशी पुन्हा बोलेन. मात्र आत्ता मोजून पाहिले, तर माझ्या खर्ड्यात 'सवलत' सात ठिकाणी आहे. दोन ठिकाणी शुल्कातील सवलत आहे आणि ती खरोखरच सवलत आहे. उरलेल्या पाच जागी मूळ शब्द 'अकोमोडेशन' आहे. तिथे सगळीकडे 'सोय' बसेल का? 'राहण्याची सोय' असा गैरसमज एका वाक्यात नक्की होईल.

निवृत्त ग्रंथपाल :
तिथे 'तजवीज' वापरून पाहावे.

परीक्षा विभागातील कर्मचारी :
'तजवीज' एकेकट्यासाठी, अडचण समोर आल्यावर केली जाते. मोठ्या अक्षरांची प्रश्नपत्रिका सर्वांना मिळू लागली, त्याला तजवीज म्हणावे असे मला वाटत नाही. ते पाचही परिच्छेद इथे पूर्ण द्यावेत, म्हणजे प्रत्येक जागी कोण बदलणार आहे हे पाहून बोलता येईल.